एक कोयता, दोन माणसें

मुलुंडच्या एका घरीं आम्ही पांच-सात कुटुंबें महिन्यांतून एकदां वाचनासाठीं जमतों. घाटकोपर, अंधेरी, बोरिवली अशा निरनिराळ्या बाजूंनीं मंडळी येतात. कोणी नवी कादंबरी आणतो, कोणी जुनें मासिक. चहा होतो, वाद होतो, आणि परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणजे वाद अर्धा टाकून सर्व उठतात. गेल्या पावसाळ्यांत ‘मॅक्स हॅवेलार’ ह्या डच कादंबरीविषयीं बोलणें चाललें होतें. त्या ओघांत बंगालींतील ‘नीलदर्पणा’चाहि विषय निघाला. तेव्हां आमच्या यजमानीणबाई, ज्या एरवीं फारशा बोलत नाहींत, त्या म्हणाल्या, “कॉफीवर डच माणसानें लिहिलें, निळीवर बंगाल्यानें लिहिलें. आपल्या साखरेवर मराठींत कोणीं लिहिलें आहे हो?” चहाचे पेले सर्वांच्या हातांत होते. कोणाच्याहि तोंडून चटकन नांव निघेना. पुढें एक-दोघांनीं कांहीं कथांचीं, कांहीं कवींचीं नांवें सुचविलीं, आणि तीं योग्यहि होतीं. परंतु जें नांव सुशिक्षित मराठी घरांत विचारल्याबरोबर ओठावर यावें तसें एकहि नव्हतें. त्या क्षणभराच्या स्तब्धतेमुळें हा लेख लिहीत आहें.

प्रथम त्या दोन ग्रंथांकडे वळूं. योगायोग असा, कीं दोन्ही १८६० सालचे. ‘मॅक्स हॅवेलार’चा कर्ता एडुआर्ड डौवेस डेकर, टोपणनांव मुल्टाटुली, हा जावा बेटांत डच सरकारचा अधिकारी होता. १८५६ सालीं लेबाक येथें रयतेवर लादलेल्या वेठीची आणि जुलुमी वसुलीची त्यानें तक्रार केली. वरिष्ठांनीं ती मनावर घेतली नाहीं. त्यानें राजीनामा दिला. एवढ्या सामग्रीवर दुसऱ्यानें एक कैफियत लिहिली असती. मुल्टाटुलीनें गोष्ट सांगण्याचें काम ॲम्स्टरडॅमच्या एका कॉफीच्या दलालाकडे सोंपविलें. हा ड्रोखस्टोपेल नांवाचा गृहस्थ सचोटीचा आहे, देवभीरु आहे, काव्याचा त्याला तिटकारा आहे, आणि आपण कधीं खोटें बोलत नाहीं ह्याचा त्याला मोठा अभिमान आहे. जावांतला जुलूम त्याच्या घरीं हस्तलिखिताच्या गठ्ठ्यांतून येतो, आणि तो गठ्ठा तो कॉफीच्या बाजाराच्या दृष्टीनें वाचतो. वाचकाला हंसूं येतें. मग हळूहळू लक्षांत येतें कीं ज्याला आपण हंसतों तो आपल्याच घरांतला माणूस आहे. शेवटीं लेखक त्या दलालाला हांकलून देतो, लेखणी स्वतःच्या हातीं घेतो आणि थेट राजाला सवाल करतो. कलेच्या दृष्टीनें हा शेवट ओबडधोबड आहे, आणि तरीहि तो निराळा असावा असें मला कधीं वाटलें नाहीं. ह्या नायकाचें नांव १९८८ सालीं हॉलंडांत, उत्पादकाला रास्त भाव देऊन घेतलेल्या कॉफीच्या पुड्यांवर छाप म्हणून आलें. चांगलेंच झालें. फक्त ड्रोखस्टोपेल हयात असता, तर त्या छापाच्या कॉफीचीहि दलाली त्यानें तितक्याच सचोटीनें केली असती, हें विसरूं नये.

दीनबंधु मित्रांचें ‘नीलदर्पण’ अगदीं निराळ्या प्रकृतीचें. तेथें उपरोध नाहीं, आक्रोश आहे. नाटकाच्या उत्तरार्धांत मृत्यु इतके दाटीनें येतात कीं करुणरस प्रेक्षकाच्या मनांत झिरपण्याऐवजीं त्याच्या अंगावर कोसळतो. परंतु ह्या नाटकाचें बळ त्या मृत्यूंत नाहींच. तें ‘दादन’ ह्या एका शब्दांत आहे. दादन म्हणजे नीळकर साहेबानें रयतेला दिलेली आगाऊ रक्कम. दिलेली म्हणण्यापेक्षां गळ्यांत मारलेली. एकदां ती घेतली कीं शेत रयतेचें, बैल रयतेचे, घाम रयतेचा, आणि पीक साहेबाचें. हिशेब काय तो कधींच पुरा होत नसे. इंग्लंडांतल्या कापडाचा निळा रंग आणि बंगालच्या खेड्यांतली एक नोंदवही ह्यांच्यामधला धागा ह्या नाटकानें रंगभूमीवर ओढून दाखविला. तो किती झोंबला हें पुढच्या घटनेवरून दिसतें: इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल १८६१ सालीं पाद्री जेम्स लाँग ह्यांना एक महिन्याची कैद आणि १००० रुपये दंड झाला. दंड कालीप्रसन्न सिंह ह्यांनीं भरला. तीन-चार मृत्यूंच्या दृश्यांनीं कोणी पाद्र्याला तुरुंगांत पाठवीत नाहीं. हिशेब उघडा केला म्हणजे पाठवितात.

आतां आपली साखर. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकारानें प्रवरानगरास जो सहकारी कारखाना उभा राहिला, त्याचें गाळप १९५० च्या अगदीं अखेरीस सुरू झालें. ऊस पिकविणारा शेतकरी कारखान्याचा मालक झाला, ही लहान गोष्ट नव्हे. महाराष्ट्राच्या खेड्यांतल्या कित्येक शाळा, दवाखाने आणि महाविद्यालयें त्या घटनेचीं लेंकरें आहेत. परंतु ऊस तोडणारा त्या सहकारांत सभासद नाहीं. तो कारखान्याचा नोकरहि नाहीं. कारखाना वाहतूकदाराशीं किंवा मुकादमाशीं करार करतो. मुकादम टोळी जमवितो. आणि पावसाळ्यांत, जेव्हां बीडसारख्या कोरडवाहू मुलुखांत घरोघर पैशाची सर्वांत मोठी नड असते, तेव्हां तो ‘उचल’ देतो. अलीकडे ही रक्कम जोडप्यामागें लाखाच्या घरांत जाते. लग्न, दुखणें, बी-बियाणें, मागचें देणें, ह्यांत ती दिवाळीपूर्वींच संपते. दिवाळी झाली कीं टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रांत, कर्नाटकांत उसाच्या फडाशेजारीं कोप्या उभ्या राहतात. आणि घेतलेली उचल टनाटनानें फेडण्याचें काम पाडव्याच्या आगेमागेपर्यंत चालतें. फिटली नाहीं, तर ‘बाकी’ पुढच्या हंगामाला तीच टोळी बांधून ठेवते. ऊस कमी निघाला, कारखाना लौकर बंद झाला, माणूस आजारी पडला, तरी तोटा त्याच्याच अंगावर. १९७६ सालीं देशांत वेठबिगारी नष्ट करण्याचा कायदा झाला, आणि कर्जाच्या फेडीसाठीं सक्तीनें करावें लागणारें काम त्याच्या व्याख्येंत येतें. दादन आणि उचल ह्यांत अंतर किती, हें वकिलांनीं सांगावें. वाङ्मयाच्या वाचकाला तीं दोन भाषांतलीं एकाच शब्दाचीं रूपें वाटलीं तर त्याला फारसा दोष देतां येणार नाहीं.

परंतु मला ह्या व्यवहारांतला खरा विलक्षण शब्द ‘उचल’ वाटत नाहीं. तो ‘कोयता’ वाटतो.

साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला लक्षणेचें एक ठरीव उदाहरण पाठ असतें. भाले आंत शिरत आहेत, असें वाक्य. मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त तें दिलें आहे. भाला स्वतः चालत नाहीं. तेव्हां भाला हा शब्द आपला अर्थ न सोडतां भाला धरणाऱ्या पुरुषाला बरोबर घेऊन येतो. भाल्यामागें माणूस दिसावा, किंबहुना अधिक उग्रपणें दिसावा, ह्यासाठींच ती योजना. आतां ‘मुकादमानें यंदा वीस कोयते आणले’ हें वाक्य घ्या. व्याकरण तेंच, लक्षणा तीच. परंतु तिचें कार्य नेमकें उलटें. येथें कोयता माणसाला बरोबर घेऊन येत नाहीं. त्याला मागें ठेवून एकटाच आंत शिरतो. आणि त्याहून मोठी गोम अशी, कीं एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटें माणूस कामाला आलें तर तो ‘अर्धा कोयता’. उचल कोयत्यावर मिळते, ती घेतो नवरा; टनाचा हिशेब कोयत्याच्या नांवावर, तो होतो नवऱ्याशीं. जी बाई पहांटेपूर्वीं उठून चूल पेटविते, फडांत पाचट सोलते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडींत चढविते आणि रात्रीं-अपरात्रीं भरणीची गाडी आली तर पुन्हां उठते, तिचें नांव सबंध खतावणींत कोठेंच नसतें. व्याकरणांत ज्याला लोप म्हणतात तो हा. शब्द लोपला तरी त्याचें कार्य उरतें, असा लोपाचा नियम आहे. तोहि येथें पुरेपूर पाळला जातो.

आमच्या साहित्यानें हा शब्द असा उलगडून पाहिला आहे काय? मराठीनें शेतकऱ्याकडे दुर्लक्ष केलें, असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, आणि त्यांत दुःखाबरोबर हिशेबहि मांडला: शेतसारा किती, सावकाराचें व्याज किती, कुळकर्ण्याची लेखणी कोठें फिरते. दुर्दैवानें फुल्यांच्या पश्चात् आम्हीं त्यांचा आवेश घेतला आणि हिशेब ठेवून दिला. पुढच्या ग्रामीण कथा-कादंबरींत दुष्काळ आहे, आटलेली विहीर आहे, विकलेला बैल आहे. कित्येक ठिकाणीं तीं चित्रें अस्सल आहेत. परंतु दुष्काळ हा आकाशाचा अपराध. त्यांत कोणाची वही उघडावी लागत नाहीं. साखरेच्या राजकारणाकडे वळलों, तर जब्बार पटेलांचा, विजय तेंडुलकरांनीं लिहिलेला ‘सामना’ हा चित्रपट आठवतो. १९७५ च्या बर्लिनच्या महोत्सवांत तो दाखविला गेला होता. त्यांतला साखरेच्या पट्ट्यांतला पुढारी निळू फुल्यांनीं असा उभा केला कीं ‘साखरसम्राट’ म्हटलें म्हणजे आजहि तीच मूर्ति डोळ्यांपुढें येते. उत्तम चित्रपट आहे. पण त्याचें आकर्षण सत्तेकडे आहे. सम्राट दिसतो, साखर दिसत नाहीं.

मग ह्या दृष्टीनें मराठींत कोण उरतो? मला एक नांव सुचतें, आणि तें आमच्या उपनगरांतलेंच आहे. अण्णाभाऊ साठे वाटेगांवाहून लहानपणीं वडिलांबरोबर पायीं चालत मुंबईला आले, आणि घाटकोपरच्या चिरागनगरांतल्या झोपडींत राहून त्यांनीं बरेंचसें लेखन केलें. ‘फकिरा’मुळें त्यांचें नांव झालें, परंतु प्रस्तुत विषयासाठीं मी त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही लहानशी कथा पुढें ठेवीन. गांव सोडून आलेला भीमा हा धिप्पाड गडी उपनगरांतल्या दगडाच्या खाणींत राबतो. खाण बंद पडते. पोट बंद पडत नाहीं. तो स्मशानांत राखेंतून आणि मढ्यांच्या तोंडांतून सोन्याचे कण शोधूं लागतो. एके रात्रीं प्रेताच्या जबड्यांत त्याचीं बोटें अडकतात आणि तो तीं कायमचीं गमावतो. आणि मग कळतें कीं बंद पडलेली खाण पुन्हां सुरू झाली आहे. बहुतेक वाचक ह्या कथेंतलें बीभत्स लक्षांत ठेवतात. तिचें हृदय मात्र ह्या शेवटच्या, जवळजवळ कोरड्या बातमींत आहे. डोंगर फोडणारीं बोटें गेलीं तीं काम नसलेल्या महिन्यांत, आणि काम परत आलें तेव्हां शरीर कामाचें उरलें नाहीं. मजुरीची व्यवस्था माणसाच्या शरीरावर कोठें सही करते, हें अण्णाभाऊंनीं एकहि सिद्धांत न सांगतां दाखविलें.

ही कथा २०१९ सालच्या बातम्या वाचतांना मला पुनःपुन्हां आठवत होती. त्या वर्षीं एप्रिलमध्यें ‘हिंदू बिझनेसलाइन’ ह्या इंग्रजी पत्रांत बीड जिल्ह्यांतल्या ऊसतोड करणाऱ्या बायांविषयीं वृत्तान्त आला: तरुण वयांतच गर्भाशय काढून टाकलेल्या बायका गांवोगांव आहेत. पाळी आली, दुखणें आलें, तर कामाचा खाडा होतो. आणि खाडा झाला तर मजुरी बुडून वर दिवसाला ५०० रुपयांपर्यंत दंड. सरकारनें डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिच्या पाहणींत जिल्ह्यांतल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे सुमारें सहा बायांमागें एक. वृत्तपत्रकारांचें हें काम मोठें होतें, आणि आमच्या ललितलेखकांस ज्यानें लाज वाटावी असें होतें.

तथापि टीकाकारानें चांगल्या लेखनालाहि एक प्रश्न विचारावा लागतो: वाचकाच्या मनांत शेवटीं काय उरलें? अप्टन सिंक्लेअर ह्या अमेरिकन कादंबरीकाराची हकीकत येथें उपयोगी पडेल. शिकागोच्या खाटीकखान्यांतल्या मजुरांचे हाल जगापुढें यावेत म्हणून त्यानें १९०६ सालीं ‘द जंगल’ प्रसिद्ध केली. वाचकांनीं मजुरांचे हाल वाचले, परंतु त्यांना धसका बसला तो आपल्या ताटांत काय येतें ह्याचा. त्याच वर्षीं मांसाच्या तपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे झाले. मजूर होता तेथेंच राहिला, आणि आपला नेम हृदयावर होता पण लागला तो पोटावर, अशी खंत सिंक्लेअरनें बोलून दाखविली. बीडच्या बाबतींत असेंच कांहींसें झालें. शस्त्रक्रियेचें नांव ऐकून समाज शहारला. खासगी दवाखान्यांनीं जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीवांचून ती करूं नये, असा निर्बंध आला. आवश्यकच होता. परंतु दवाखान्याच्या दारावर पहारा बसला, आणि उचलीची वही जेथल्या तेथें. गर्भाशय दिसलें, खाडा दिसला नाहीं. अगदींच कांहीं झालें नाहीं, असें मी म्हणत नाहीं: कामगारांसाठीं गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नांवानें कल्याण महामंडळ झालें, २०२१ सालीं मुलांसाठीं संत भगवानबाबांच्या नांवानें वसतिगृहांची योजना निघाली, आणि २०२४ च्या आरंभीं तोडणीच्या दरांत ३४ टक्के वाढ मान्य झाली. ह्या सर्व गोष्टी संघटनांनीं भांडून मिळविल्या. त्या भांडणांतहि मापाचें नांव कोयता तें कोयताच आहे.

मार्च २०२४ मध्यें ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘फुलर प्रोजेक्ट’ ह्यांनीं मिळून ह्या साखरेचा धागा पुढच्या टोंकापर्यंत नेला: कर्ज, बालविवाह आणि शस्त्रक्रिया ह्यांतून आलेली महाराष्ट्राची साखर कोका-कोला आणि पेप्सी ह्यांसारख्या जगप्रसिद्ध पेयांत जाते, असें त्यांनीं मांडलें. आम्हां उपनगरवासीयांची ह्या टोंकाशीं चांगली ओळख आहे. अंधेरीहून गाडी सुटली कीं पारल्याच्या बिस्किटांच्या कारखान्याचा गोड खरपूस वास डब्यांत शिरत असे. तो कारखाना २०१६ सालीं बंद झाला, आणि तो वास आठवून हळवे होणारे लेख आमच्या पिढीनें पुष्कळ लिहिले. मींहि एक लिहिला आहे. त्यांत साखर कोठून येते, हा प्रश्न मला शिवलाहि नव्हता.

अशा वेळीं मोठ्या कंपन्यांकडून जें वाङ्मय बाहेर पडतें, त्याचीहि समीक्षा व्हावयास हवी. वाङ्मय हा शब्द मी थट्टेनें वापरीत नाहीं. व्यापारांत मानवी हक्कांचा आदर राखण्याविषयीं संयुक्त राष्ट्रांनीं २०११ सालीं मार्गदर्शक तत्त्वें मान्य केलीं; भारतांतल्या पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून आपल्या जबाबदाऱ्यांचा अहवाल देणें ‘सेबी’नें बंधनकारक केलें. ह्या निमित्तानें दरवर्षीं हजारों पानें लिहिलीं जातात. तीं वाचतांना माझें लक्ष मजकुरापेक्षां क्रियापदांकडे जातें. सर्वत्र कर्मणि प्रयोग. हक्क जपले जातात, पुरवठादार तपासले जातात, त्रुटि दूर केल्या जातात. कोण जपतो? कोणाला विचारून तपासतो? कर्ता वाक्यांतून उठून गेलेला असतो. आणि साखळी बहुधा कारखान्याच्या फाटकाशीं थांबते, कारण फाटकाच्या पलीकडे मुकादम आहे, आणि त्याच्याशीं कंपनीचा कागद नाहीं. खतावणींत बाईचा लोप, अहवालांत कर्त्याचा लोप; साखळीच्या दोन्ही टोंकांस व्याकरण एकच. ड्रोखस्टोपेल खोटें बोलत नसे, हें मघाशीं सांगितलेंच. हे अहवालहि बहुधा खोटें बोलत नाहींत.

माझ्या ह्या अपेक्षेवर एक आक्षेप ठरलेला आहे, कीं तुम्हांला कादंबरी नको, पत्रक हवें आहे. मला उलट वाटतें. पत्रकें पुष्कळ आहेत आणि त्यांत मुकादम केवळ राक्षस असतो. वस्तुतः तो पुष्कळदां एके काळीं स्वतः ऊस तोडलेला माणूस असतो. कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून त्यानेंहि उचलच घेतलेली असते. टोळींतलें एखादें जोडपें रातोरात पळालें तर ती रक्कम त्याच्या अंगावर पडते, आणि मग तो त्या जोडप्याच्या गांवीं जाऊन जें करतो तें राक्षसालाहि साजेल असें असतें. धाक घालणारा आणि धाकांत जगणारा एकाच देहांत. मुल्क राज आनंदांच्या ‘टू लीव्हज अँड अ बड’ ह्या १९३७ च्या कादंबरींत आसामच्या चहाच्या मळ्यासाठीं मजूर भुलवून नेणारा सरदार आहे. परंतु आनंदांचें सर्व लक्ष गोऱ्या साहेबावर खिळल्यामुळें तो कडेलाच राहून गेला. आपल्या उसाच्या फडांत साहेब गोरा नाहीं. तो आपल्याच भाषेंत बोलतो, आपल्याच सप्ताहाला वर्गणी देतो, आणि त्याच्या पोरीचें लग्नहि त्याच उचलीवर होतें. ह्याहून मोठें पात्र कादंबरीकाराला कोठें मिळणार?

आमच्या मुलुंडच्या बैठकींत पुढच्या खेपेस अण्णाभाऊंची कथा वाचायची ठरली आहे. ‘मॅक्स हॅवेलार’चा उरलेला भाग पुन्हां पुढें ढकलला गेला. यजमानीणबाईंनीं निघतांना मला थांबवून विचारलें, एकटी बाई तोडणीला गेली तर तिला अर्धा कोयता म्हणतात, मग तिच्या पाठीवर लहान मूल असेल तर त्याचा हिशेब कसा धरतात? मीं सांगितलें, त्याचा हिशेब धरीत नाहींत. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पेले उचलून आंत गेल्या.